कृष्णविवराचा हिशेब

कळमनुरीच्या एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. हिंगोलीहून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावरील हें तालुक्याचें गांव. त्याच्या शेजारच्याच औंढा नागनाथ तालुक्यांत, दुधाळा गांवच्या शिवारांत, गुरुत्वलहरी टिपणारें एक प्रचंड यंत्र उभें राहावयाचें आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. पत्रलेखिकेची शंका साधी, पण मोठी नेमकी आहे. घरांतील मुलें सांगतात कीं, हें यंत्र कृष्णविवरांचा आवाज ऐकणार. आणि तींच मुलें असेंहि सांगतात कीं, कृष्णविवरांत जें पडेल तें कायमचें नाहींसें होतें, तेथून प्रकाशसुद्धां परत येत नाहीं. मग ज्याच्या पोटांतून कांहींच बाहेर येत नाहीं त्याचें ऐकावयाचें तें काय, आणि जेथें सर्वच नाहींसें होतें तेथें नियम म्हणून कांहीं उरत असेल काय, असें त्यांनीं विचारलें आहे. ह्या दुसऱ्या प्रश्नानें गेल्या पन्नास वर्षांत जगांतील पहिल्या प्रतीच्या पदार्थशास्त्रज्ञांची झोंप उडविली आहे. आज ह्या सदरांत त्याचाच परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रांनीं कृष्णविवरास राक्षस ठरवून टाकिलें असून, तें भोंवतालचें सर्व कांहीं ओढून घेतें अशीं चित्रें आतां मुलांच्या पुस्तकांतहि येऊं लागलीं आहेत. वस्तुस्थिति अशी नाहीं. आपल्या सूर्याच्या जागीं तितक्याच वस्तुमानाचें कृष्णविवर आणून ठेविलें, तर पृथ्वीवर काळोख आणि गारठा होईल खरा. परंतु पृथ्वीची कक्षा तसूभरहि बदलणार नाहीं. दुरून पाहतां दोहोंचें गुरुत्वक्षेत्र एकच. भेद पडतो तो अगदीं जवळ गेल्यावर. सूर्याचें सर्व वस्तुमान सुमारें तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलांत कोंबलें, तर त्या गोलाची सीमा अशी होते कीं, ती ओलांडून आंत गेलेलें कांहींच परत फिरूं शकत नाहीं. हिला शास्त्रज्ञ क्षितिज म्हणतात. हें क्षितिज म्हणजे भिंत नव्हे, कवच नव्हे. तेथें हातास लागेल असा कोणताहि पदार्थ नसतो. ती केवळ एक हद्द असते.

कृष्णविवर हा शब्द मराठी घरांत रुळविण्यांत कै. डॉ. जयंत नारळीकर यांचा वांटा मोठा आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली, तींत त्यांनीं ‘कृष्णविवर’ नांवाची कथा ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनांवानें पाठविली. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून त्यांनीं हें नांव बनविलें होतें. आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा उतरून काढिली ती त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनीं. कथेस पहिलें बक्षीस मिळालें. त्याच १९७४ सालीं इंग्लंडांत स्टीफन हॉकिंग नांवाच्या तरुण गणितज्ञानें ‘नेचर’ साप्ताहिकांत एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला, आणि कृष्णविवर हें पूर्णपणें कृष्ण नाहीं असें दाखवून दिलें. हा निव्वळ योगायोग. पण तो निबंध काय होता हें समजावयास आपणांस आधीं स्वयंपाकघरांत गेलें पाहिजे.

उष्णतेच्या शास्त्राचा दुसरा नियम आपण सर्वच रोज पाहतों. कढत चहा ठेविला तर निवतो, निवलेला चहा आपोआप कढत होत नाहीं. साखर दुधांत विरघळते, विरघळलेली साखर पुन्हां तळाशीं दाणेदार होऊन बसत नाहीं. डाळ आणि तांदूळ एकत्र सांडले तर ते वेगळे करावयास माणसास बसावें लागतें. मिसळावयास कोणी लागत नाहीं. जगांत हा मिसळण्याचा, निवण्याचा कल सर्वत्र आहे, आणि त्याचें जें माप शास्त्रज्ञांनीं ठरविलें त्याला एंट्रॉपी म्हणतात. तिची पाठ्यपुस्तकी व्याख्या देऊन वाचकांस छळण्याचा आमचा विचार नाहीं. माळ्यावर कुलूप लावून ठेविलेली एक ट्रंक डोळ्यांपुढें आणावी. बाहेरून आपणांस तिचें वजन तेवढें कळतें. आंतील लुगडीं, शाली आणि पांघरुणें कोणत्या क्रमानें रचिलेलीं आहेत हें कळत नाहीं. बाहेरचें वजन तेंच ठेवून आंतील रचना जितक्या अधिक प्रकारांनीं करतां येईल, तितकी त्या ट्रंकेची एंट्रॉपी अधिक. दुसरा नियम असें सांगतो कीं, एखाद्या बंदिस्त व्यवस्थेंतील एकूण एंट्रॉपी कधीं घटत नाहीं. हा हिशेब एकेरी आहे. त्यांत जमा होते, वजावट होत नाहीं.

आतां ह्या हिशेबांत चोरी करावयाची असेल तर कृष्णविवराइतकी सोयीची जागा दुसरी नाहीं. प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉन व्हीलर यांनीं जेकब बेकेनस्टाइन नामक आपल्या विद्यार्थ्यास १९७० नंतरच्या वर्षांत हीच गंमत घातली. कढत चहाचा पेला निवलेल्या चहाजवळ ठेवून मी दोन्ही कोमट होऊं देतों, तेव्हां जगाची एंट्रॉपी वाढविण्याचा अपराध मजकडून घडतो, असें ते म्हणाले. परंतु जवळून एखादें कृष्णविवर जात असलें आणि दोन्ही पेले मीं त्यांत टाकून दिले, तर अपराधाचा पुरावाच नाहींसा होतो! गोष्ट थट्टेनें सांगितलेली, पण आंत कांटा होता. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें स्थिरावलेल्या कृष्णविवरास वस्तुमान, परिवलन आणि विद्युद्भार एवढ्या तीनच खुणा उरतात. आंत तारा पडला कीं चहाचा पेला पडला कीं ग्रंथसंग्रह पडला, हें बाहेरून ओळखावयास मार्ग नाहीं. म्हणजे जगांतील एंट्रॉपी ह्या भगदाडांतून गळूं लागली, आणि शास्त्रांतील सर्वांत भरंवशाचा म्हणून जो नियम, तोच मोडला.

बेकेनस्टाइन कांहीं महिन्यांनीं उत्तर घेऊन आले. पुरावा नाहींसा होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पेला आंत गेला कीं क्षितिजाचें क्षेत्रफळ तितक्या मानानें वाढतें, आणि तें क्षेत्रफळ हीच कृष्णविवराची एंट्रॉपी होय. ह्या कल्पनेस आधार होता तो हॉकिंग यांनीं १९७१ सालीं सिद्ध केलेल्या एका प्रमेयाचा. दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळून एक झालीं, तर नव्या क्षितिजाचें क्षेत्रफळ जुन्या दोन क्षेत्रफळांच्या बेरजेहून कमी असूं शकत नाहीं, असें तें प्रमेय आहे.

येथें थोडें गणित आल्यावांचून गत्यंतर नाहीं. पण तें आमच्या वाचकांच्या घरचेंच आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराचें क्षेत्रफळ त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. तीन सूर्यांएवढें एक आणि चार सूर्यांएवढें दुसरें अशीं दोन विवरें घेतलीं तर त्यांच्या क्षेत्रफळांचें मान नऊ आणि सोळा, मिळून पंचवीस. नवें विवर पंचविसाहून लहान होतां कामा नये, म्हणजे त्याचें वस्तुमान पांच सूर्यांहून कमी असतां कामा नये. सातांपैकीं फार तर दोन सूर्यांचें वस्तुमान लहरींच्या रूपानें बाहेर टाकण्याची परवानगी निसर्गानें दिली आहे, त्यापलीकडे नाहीं. दोन चौरसांच्या बेरजेइतका तिसरा चौरस काढण्याची रीति बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या निमित्तानें सांगितलेली आहे, आणि ती हीच. एवढ्यावरून कृष्णविवरें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतीं असा शोध कोणी लावूं नये, अशी विनंति आहे. त्यांना चौरस ठाऊक होते, आणि तेवढें श्रेय पुष्कळ झालें.

बेकेनस्टाइनांचें म्हणणें ऐकून सर्वांत जास्त चिडले ते हॉकिंगच. आपल्या प्रमेयाचा हा दुरुपयोग आहे असें त्यांस वाटलें, आणि तसें त्यांनीं पुढें स्वतः लिहूनहि ठेविलें आहे. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. ज्याला एंट्रॉपी आहे त्याला उष्णतामान असलें पाहिजे. ज्याला उष्णतामान आहे त्यानें कांहीं ना कांहीं उष्णता बाहेर टाकिली पाहिजे. आणि कृष्णविवर तर व्याख्येनेंच कांहीं बाहेर टाकीत नाहीं. १९७३ सालीं बार्डीन, कार्टर आणि हॉकिंग ह्या तिघांनीं कृष्णविवरांचे चार नियम मांडले. ते उष्णतेच्या चार नियमांशीं इतके जुळत होते कीं, एकावर दुसरा कागद ठेवून गिरवावे. शांत झालेल्या पदार्थाचें उष्णतामान सर्वत्र सारखें, तसें स्थिरावलेल्या क्षितिजावर गुरुत्वाचा जोर सर्वत्र सारखा. तेथें एंट्रॉपी, तर येथें क्षेत्रफळ. इतकें असूनहि हें केवळ साम्य आहे, कृष्णविवराचें खरें उष्णतामान शून्यच, असें त्या तिघांनीं त्याच निबंधांत बजावून सांगितलें.

वर्ष उलटतें न उलटतें तोंच हॉकिंग यांना आपलें मत फिरवावें लागलें. क्षितिजाजवळच्या तीव्र गुरुत्वक्षेत्रांत अणुविश्वाचे नियम लावून पाहतां, जेथें कांहींच नाहीं अशा पोकळींतून मंद प्रारण निघतें असें त्यांच्या गणितांत येऊं लागलें. तें चुकीचें असावें म्हणून त्यांनीं तें पुनःपुन्हां तपासलें, पण प्रारण जाईना; आणि त्याचें स्वरूप नेमकें तापलेल्या पदार्थाच्या प्रारणासारखें निघालें. म्हणजे बेकेनस्टाइन यांचें खरें ठरलें. हॉकिंगांच्या सूत्रानें एंट्रॉपीचा आंकडाहि पक्का झाला: क्षितिजाच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा, निसर्गाच्या अतिसूक्ष्म मापानें मोजलेला.

हे आंकडे मोठे विलक्षण आहेत. सूर्याएवढ्या कृष्णविवराचें उष्णतामान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचे एक कोटी साठ लाख भाग करावे, त्यांतील एका भागाएवढें. त्याची एंट्रॉपी मात्र एकावर सत्याहत्तर शून्यें. आपल्या तळपणाऱ्या सूर्याची आहे सुमारें एकावर अठ्ठावन्न शून्यें. तोच सूर्य, तेंच वस्तुमान; विवर झालें कीं आंतील रचनांचा हिशेब एकावर एकोणीस शून्यांनीं गुणला जातो. आणि हा हिशेब घनफळावर नाहीं, क्षेत्रफळावर आहे, हें तर सर्वांत चमत्कारिक. जमिनींतील पेवांत ज्वारी किती मावेल हें पेवाच्या पोटावरून ठरतें. येथें मात्र पेवाच्या आंतल्या लिंपणावरून ज्वारीचें माप निघतें असा प्रकार आहे. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा करण्यांत दोन पिढ्या गेल्या आहेत.

दुसरा चमत्कार उष्णतामानाचा. विवर जितकें मोठें तितकें तें थंड. त्यांत भर घातली कीं तें निवतें, त्यांतून उष्णता निघून गेली कीं तें तापतें. ज्या चुलींत लांकूड सारावें तों ती विझत जावी, आणि लांकूड ओढावें तों ती भडकावी, अशा चुलीवर कोणती गृहिणी स्वयंपाक करील? परंतु ही तऱ्हा कृष्णविवराचीच आहे असें समजूं नये. ती गुरुत्वक्षेत्राचीच आहे. पृथ्वीभोंवतीं फिरणारा कृत्रिम उपग्रह विरळ हवेस घासून शक्ति गमावूं लागला, तर त्याचा वेग कमी न होतां वाढतो. कारण तो खालच्या कक्षेंत उतरतो. तारेहि उष्णता गमावून आकसतात आणि आंतून अधिक तापतात. गुरुत्वानें बांधलेल्या वस्तूंच्या घरीं जमाखर्चाची रीतच अशी उलटी.

गुरुत्वक्षेत्र आणि उष्णता यांचा संबंध कृष्णविवरांच्या कितीतरी आधीं, १९३० सालीं, टोलमन आणि एरेनफेस्ट ह्यांनीं दाखविला होता. गुरुत्वक्षेत्रांत पूर्ण समतोल साधलेल्या पदार्थाचें उष्णतामान सर्वत्र सारखें नसतें. खालच्या भागीं तें किंचित् जास्त असतें. पृथ्वीवर हा फरक दर मीटरास सोळा शून्यांपैकीं एका भागाएवढा, म्हणजे नसल्यातच जमा. माळा आणि माजघर यांच्या उष्म्यांतील भेदाचें कारण वेगळेंच आहे. पण क्षितिजाजवळ जावें तसतसा हाच फरक बेसुमार वाढत जातो. दुरून अत्यंत थंड भासणारें विवर अगदीं लगत टांगून राहिलेल्या निरीक्षकास कढत भासेल, तें ह्या कारणानें.

मग ही ऊब कोणी मोजली आहे काय? नाहीं. सर्व आकाश २.७ अंशांच्या प्राचीन प्रारणानें भरलेलें आहे. त्याहून थंड असलेलें विवर उष्णता देण्याऐवजीं घेतच राहणार. आपल्या चंद्राएवढ्या वस्तुमानाचें विवर असतें तर त्याचा व्यास एका मिलिमीटराचा पांचवा हिस्सा, म्हणजे रांगोळीच्या बारीक कणाएवढा झाला असता, आणि त्याचें उष्णतामानहि दीड-पावणेदोन अंशांच्या वर गेलें नसतें. सूर्याएवढें विवर अशा रीतीनें आटून जाण्यास एकावर सदुसष्ट शून्यें इतकीं वर्षें लागतील. विश्वाचें वय अद्याप १३८० कोटी वर्षांचें आहे. ऊब मोजणें आपल्या हातचें नव्हे. क्षेत्रफळ मात्र मोजतां येतें, आणि औंढ्याच्या यंत्राचा संबंध येतो तो येथें.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथील लायगो यंत्रांनीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाची गुरुत्वलहर प्रथमच टिपली. एक सूर्याच्या छत्तीस पट, दुसरें एकोणतीस पट. मिळून झालें तें बासष्ट पट. तीन सूर्यांचें वस्तुमान निमिषार्धांत लहरी होऊन गेलें. ह्या लहरी विवराच्या पोटांतून येत नाहींत. त्या क्षितिजाबाहेरील गुरुत्वक्षेत्राच्या हेलकाव्यांतून येतात. पत्रलेखिकेच्या पहिल्या शंकेचें हें उत्तर. बेकेनस्टाइन ह्यांना मात्र ही वार्ता ऐकावयास मिळाली नाहीं. १६ ऑगस्ट २०१५ रोजीं, अवघा महिनाभर आधीं, त्यांचें निधन झालें होतें.

त्या पहिल्या लहरीवरून क्षेत्रफळाचें प्रमेय तपासण्याचा यत्न २०२१ सालीं झाला. पण आवाज अंधुक, आणि खात्री शेंकडा पंचाण्णव. यंत्रें सुधारत गेलीं. १४ जानेवारी २०२५ रोजीं जी लहर आली, ती तोंवरच्या सर्वांत स्पष्ट. एक विवर सूर्याच्या सुमारें चौतीस पट, दुसरें बत्तीस पट. सूर्याएवढ्या विवराचें क्षेत्रफळ सुमारें ११० चौरस किलोमीटर असतें, हें लक्षांत घेऊन वाचकांनीं स्वतः हिशेब करावा: चौतिसाचा वर्ग अधिक बत्तिसाचा वर्ग, गुणिले ११०. उत्तर २,४०,००० चौरस किलोमीटरांच्या आसपास येईल, आणि शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेला आंकडाहि तोच आहे. नवें विवर सुमारें त्रेसष्ट सूर्यांचें झालें. तें स्वतःभोंवतीं वेगानें फिरत असल्यामुळें त्याचें क्षेत्रफळ नुसत्या वर्गाच्या हिशेबाहून थोडें कमी भरतें. तरी तें सुमारें ४,००,००० निघालें. आपल्या महाराष्ट्राचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. दोन्ही विवरांचीं क्षितिजें पसरून अंथरलीं असतीं तर महाराष्ट्र झांकला गेला नसता. मीलन होतांच महाराष्ट्र झांकून वर गोवा आणि बरेंचसें कर्नाटकहि अर्धेंमुर्धें झांकलें गेलें असतें. वस्तुमान तीन सूर्यांनीं घटलें, आणि क्षेत्रफळ दीडपटीहून वाढलें. खात्री आतां शेंकडा ९९.९९९.

नव्या विवराचें माप कसें घेतलें, हें सांगितल्यावांचून ही गोष्ट पुरी होत नाहीं. देवळांतील घंटेवर टोल पडला कीं तिचा नाद कांहीं क्षण घुमून विरतो, आणि जाणत्या कानास त्या नादावरून घंटा केवढी हें सांगतां येतें. मीलनानंतर कृष्णविवर असेंच घुमतें, असें १९७० सालीं बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर ह्यांनीं गणितानें दाखविलें होतें. त्या वेळीं गुरुत्वलहरी कोणी ऐकल्या नव्हत्या, आणि कृष्णविवरेंहि पुष्कळांस कागदावरचींच वाटत. २०२५ च्या लहरींत घुमण्याचे दोन स्वर वेगळे ओळखतां आले. त्यांवरून नव्या विवराचें वस्तुमान आणि परिवलन निघालें, त्यांवरून क्षेत्रफळ. विश्वेश्वर २०१७ सालीं निवर्तले. पहिला नाद त्यांना ऐकावयास मिळाला, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

पुण्याचा हात ह्या कामास फार दिवसांपासून लागलेला आहे. फिरत्या कृष्णविवराच्या क्षेत्रांतून शक्ति काढून घेण्याची एक युक्ति रॉजर पेनरोज यांनीं सुचविली होती. ती व्यवहारांत अशक्यप्राय मानली जात असतां, विवराभोंवतीं चुंबकक्षेत्र असल्यास ती साधेल, असें १९८५ सालीं वाघ, धुरंधर आणि दधीच ह्या तिघांनीं दाखविलें. त्यांतील संजीव धुरंधर हेच पुढें आयुका संस्थेंत, गोंगाटांतून गुरुत्वलहरीची अंधुक खूण कशी वेंचून काढावी ह्या गणिताकडे वळले. लहर सांपडण्याच्या वीस-पंचवीस वर्षें आधीं तिला ओळखण्याचीं साधनें घडवीत बसणें, ह्यास जी चिकाटी लागते तिची कल्पना आम्हांस करवत नाहीं.

लायगो-इंडियास केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं मिळाली. पुरी मान्यता आणि २६०० कोटी रुपयांची तरतूद व्हावयास एप्रिल २०२३ उजाडला. मधलीं सात वर्षें कागदपत्रांत गेलीं, आणि तेवढ्यांत अमेरिकेंतील यंत्रांनीं विवरांच्या मीलनांच्या नोंदी शंभराच्या घरांत नेल्या. ह्या दिरंगाईचा आम्हांस खेद वाटतो. यंत्र म्हणजे काटकोनांत टाकलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, टोकांस टांगलेले आरसे, आणि त्यांमधून येरझारा घालणारा लेसर-प्रकाश. लहर आली कीं एक भुजा लांबते, दुसरी आंखडते. परंतु किती, तर प्रोटॉनाच्या व्यासाचा दहा हजारावा भागसुद्धां ओळखावा लागतो. म्हणून रेल्वे, कारखाने आणि समुद्र ह्यांपासून दूर अशी शांत जागा हवी, आणि ती हिंगोलीच्या काळ्या खडकावर मिळाली.

ह्यावर कळमनुरीकर हंसतील. २१ मार्च २०२४ रोजीं आणि पुन्हां १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचे भूकंप झाले, आणि कळमनुरी तालुक्यांत लोक घराबाहेर धांवले. हलणारी ही जमीन असल्या नाजूक यंत्रास योग्य कशी, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आरसे चार पदरी लोलकांनीं टांगलेले असतात, आणि जगाच्या दुसऱ्या टोंकास मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेंतील यंत्रें कांहीं वेळ निकामी होतात, मग पुन्हां जागेवर येतात. क्वचित् येणाऱ्या धक्क्यानें कांहीं तासांचें निरीक्षण बुडतें. खरी भीति अहोरात्र चालणाऱ्या गुणगुणीची, म्हणजे जड वाहनें, यंत्रें, खाणींतील सुरुंग ह्यांची. यंत्राभोंवतालची शांतता पुढील पन्नास वर्षें राखणें हें प्रयोगशाळेपेक्षां जिल्ह्याच्या कारभाराचें आणि गांवकऱ्यांचें काम होईल, आणि त्याविषयीं त्यांच्याशीं जितकें बोललें जावयास हवें तितकें बोललें जात नाहीं असें आमचें मत आहे.

२६०० कोटींच्या बदल्यांत काय, हेंहि विचारलें आहे. पिकास भाव मिळेल, पाणी येईल, असें आम्ही सांगणार नाहीं. तसें सांगणाऱ्यावर विश्वासहि ठेवूं नये. २०२५ ची ती लहर अमेरिकेंतील दोनच यंत्रांनीं ऐकिली. दोन कानांनीं आवाजाची दिशा पुरती कळत नाहीं; पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, औंढ्यास, आणखी एक कान असला तर लहर आकाशांत कोठून आली तें पुष्कळ नेमकें सांगतां येईल, आणि विवरांचीं मापें अधिक घट्ट होतील. देशांत निर्वात नळ्या, आरसे आणि लेसर यांची विद्या वाढेल, हा लाभ खरा आहे. पण खर्च त्यासाठीं नाहीं. तो हा हिशेब तपासण्यासाठींच आहे, आणि तो करावा असें आम्हांस वाटतें.

कारण हिशेबाची दुसरी बाजू अद्याप उघडी आहे. एंट्रॉपी म्हणजे आंतील रचनांची संख्या, असें वर आम्हीं म्हटलें. मग क्षितिजाच्या बाबतींत ट्रंकेंतील लुगडीं तीं कोणतीं? पुण्यास आयुकांत दीर्घकाल संशोधन केलेले थाणु पद्मनाभन (मृत्यु २०२१) ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, जो पदार्थ तापूं शकतो त्याला सूक्ष्म अवयव असलेच पाहिजेत. क्षितिज तापतें, तर अवकाशालाहि अवयव असले पाहिजेत. क्षितिजाजवळ आइनस्टाइनचीं समीकरणें थेट उष्णतेच्या नियमांच्या रूपांत लिहितां येतात, असें त्यांनीं दाखविलें, आणि गुरुत्व हें हवेच्या दाबासारखें असंख्य अवयवांच्या वर्तनांतून उपजणारें आहे असें ते मानीत. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर येथें १९४९ सालीं जन्मलेले अभय अष्टेकर ह्यांनीं बाएझ, कोरिची व क्रास्नोव्ह यांच्यासह १९९८ सालीं ती मोजदाद करून पाहिली. त्यांच्या मतें अवकाश सूक्ष्म धाग्यांचें विणलेलें असून, ते धागे क्षितिजास जेथें जेथें भेदतात तेथें क्षेत्रफळाचा एकेक कण उत्पन्न होतो. ह्या कणांच्या रचना मोजतां संख्या क्षेत्रफळाच्याच प्रमाणांत निघते. मात्र नेमका चौथा हिस्सा येण्यासाठीं एक आंकडा बाहेरून बसवावा लागतो, आणि टीकाकारांचें बोट त्यावरच आहे.

दुसरा पंथ तंतुसिद्धांताचा. त्या पंथांतील अतीश दाभोलकर, जे २०१९ सालीं इटलींत त्रिएस्त येथील आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान केंद्राचे संचालक झाले, त्यांनीं समीर मूर्ति व गणितज्ञ झागिए यांच्यासह २०१२ सालीं दाखविलें कीं, कांहीं विशिष्ट विवरांच्या रचनांची अगदीं एकेक करून गणना करावयास रामानुजनांचीं तीं सुप्रसिद्ध कूट-थीटा फलें उपयोगीं पडतात. रामानुजनांनीं हीं फलें मृत्यूपूर्वीं कांहीं महिने, जानेवारी १९२० मध्यें, मद्रासेहून हार्डींस लिहिलेल्या पत्रांत कळविलीं होतीं. ह्या गणनेंत बाहेरून कांहीं बसवावें लागत नाहीं, पण ती ज्या विवरांस लागू पडते तीं कागदावरचीं आहेत. आकाशांत तशीं सांपडलेलीं नाहींत. चौतीस आणि बत्तीस सूर्यांच्या ज्या दोन विवरांचें क्षेत्रफळ २०२५ सालीं मोजलें गेलें, त्यांच्या पोटांतील रचना कोणत्याच पंथाला अजून निर्विवाद मोजतां आलेल्या नाहींत.